संतांची शिकवण आणि फलाची कसोटी

पुण्याहून नाशिककडे जाणारा रस्ता आणि कल्याणहून माळशेज घाट चढून नगरकडे जाणारा रस्ता हे जुन्नर तालुक्यात ज्या ठिकाणी एकमेकांस छेदतात, त्यास आळेफाटा म्हणतात. फाट्यापासून जवळच आळे हे गाव आहे आणि त्या गावी एका रेड्याची समाधी आहे. साधुपुरुषांच्या समाध्या महाराष्ट्रात गावोगाव आढळतात. परंतु जनावराच्या समाधीवर देऊळ उभे राहावे आणि माणसांनी तेथे येऊन हात जोडावे, हा प्रकार विरळा. पैठणच्या ब्रह्मसभेत ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखी वेद वदविले तो हा रेडा. चौघे भावंडे पैठणाहून नेवाशास आणि तेथून आळंदीकडे परत निघाली असता तो वाटेत आळे येथे मरण पावला व ज्ञानदेवांनी त्यास तेथे समाधी दिली, अशी परंपरा आहे. महिपतीच्या 'भक्तविजया'ने (१७६२) रेड्याची कथा घरोघर नेली आणि १९४० साली प्रभातच्या 'संत ज्ञानेश्वर' या बोलपटाने ती पडद्यावर आणली.

ही कथा ऐतिहासिक दृष्ट्या खरी की खोटी, हा वाद प्रस्तुत लेखात घ्यावयाचा नाही. कथा म्हणून ती जशी सांगितली जाते तशीच क्षणभर वाचली, तर एक गोष्ट ध्यानात येते, आणि तिजकडे आमच्या कीर्तनकारांचे व टीकाकारांचे सारखेच दुर्लक्ष झाले आहे. ती गोष्ट ही की, पैठणच्या सभेपुढे पुरावे दोन आले होते, एक नव्हे. सर्वांभूती एकच आत्मा आहे असे ज्ञानदेव म्हणाले, तेव्हा कोणी टवाळाने पखाल घेऊन चाललेल्या रेड्याकडे बोट दाखविले. त्याचेही नाव ज्ञाना. मग तुझ्यात आणि त्याच्यात भेद नाही काय? ज्ञानदेव म्हणाले, नाही. तेव्हा रेड्याच्या पाठीवर आसूड ओढण्यात आले आणि त्याचे वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उठले. हा झाला पहिला पुरावा. ब्राह्मणांचे त्याने समाधान झाले नाही. त्यांनी रेड्याकडून वेद म्हणवून घेण्याची मागणी केली. रेडा वेद बोलला आणि मग सभेची खात्री पटली.

पंडितांनी नाकारलेला पुरावा आणि स्वीकारलेला पुरावा यांची तुलना करावी. वेद म्हणणारा रेडा हा चमत्कार आहे. त्यापासून ज्ञानदेवांच्या अंगी अलौकिक सामर्थ्य होते एवढे सिद्ध होईल, पण आत्मा एक आहे हे काही सिद्ध होत नाही. उलट पाठीवरचे वळ हा मूळ सिद्धान्ताचा नेमका पुरावा होता. अद्वैत जर केवळ वादसभेतील शब्द नसेल, तर दुसऱ्याच्या पाठीवर पडलेला आसूड आपल्याला लागला पाहिजे. आणि कथाकार तेवढ्यावर थांबत नाही. शुद्धिपत्राचे प्रकरण संपल्यावर रेड्याचा उपयोग संपला होता. त्यास पखालवाल्याकडे परत धाडून देता आले असते. पण तो भावंडांबरोबर नेवाशास येतो, आळे येथे मरतो, आणि त्यास एखाद्या सोबत्याप्रमाणे निरोप दिला जातो. हे सांगणे परंपरेस अवश्य वाटले, यात तिची सूक्ष्म दृष्टी आहे. तत्त्वज्ञानाची परीक्षा ते जगताना कसे उपयोगी पडते यावरून करावी, हा विचार आपण पाश्चात्त्यांकडून उसना आणला असे पुष्कळांस वाटते. आळे येथील समाधीचा दगड तसे सांगत नाही.

आपल्या शास्त्रकारांनाही ही कसोटी अपरिचित नव्हती. मीमांसकांनी कर्माच्या फलाचे दृष्ट व अदृष्ट असे दोन भेद केले आणि दृष्ट फल मिळत असता अदृष्टाची कल्पना करू नये असा दंडक घातला. तथापि व्यवहारात आपण अदृष्टावरच अधिक विसंबलो. कोणत्याही स्तोत्राच्या अखेरीस फलश्रुती येते: पुत्रार्थ्यास पुत्र, धनार्थ्यास धन, रोग्यास आरोग्य. पाठ करणारा ती भक्तिभावाने म्हणतो, आणि सहा महिन्यांनी पुत्र, धन व आरोग्य यांचा ताळा घ्यावयास कोणी बसत नाही. मीमांसकही अशा वचनांस अर्थवाद, म्हणजे स्तुती, म्हणून बाजूस ठेवतात. फलश्रुती हे ऐकलेले फळ. पाहिलेले फळ नव्हे. म्हणूनच प्रा. गं. बा. सरदार यांनी १९५० साली आपल्या ग्रंथास 'संतवाङ्मयाची सामाजिक फलश्रुती' असे नाव दिले, तेव्हा त्या जुन्या शब्दाला त्यांनी नकळत उलटे फिरविले. स्तोत्राच्या शेवटी जे आश्वासन असते त्याची त्यांनी हिशेबाच्या वहीत नोंद मागितली. मराठी टीकावाङ्मयातील हा एक महत्त्वाचा ग्रंथ आहे. त्यातील विवेचनाशी प्रस्तुत लेखकाचा एके ठिकाणी तीव्र मतभेद आहे. पण त्याकडे वळण्यापूर्वी हा हिशेब अगोदर कोणी कसा मांडला होता ते पाहणे जरूर आहे.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथात संतांसाठी एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. युरोपातील धर्मसुधारणेशी त्यांनी संतांच्या चळवळीची तुलना केली आणि प्रकरणाच्या अखेरीस फळांची जणू यादीच दिली: देशभाषेत वाङ्मय निर्माण झाले, जातीचा ताठा कमी झाला, शूद्रास प्रतिष्ठा आली, कुटुंबसंस्थेस पावित्र्य व स्त्रीस मान मिळाला, समाज अधिक सहिष्णू झाला, आणि या सर्वांतून राष्ट्र एक होऊन स्वराज्याची भूमी तयार झाली. इतिहासाचार्य राजवाडे यांनी याच झाडाकडे पाहून नेमके उलट फळ सांगितले. त्यांच्या मते संतांच्या शिकवणीने समाज सहिष्णू झाला हे खरे, पण सहिष्णू म्हणजे पंगू. जयिष्णू वृत्ती आली ती समर्थांमुळे.

दोघेही थोर पुरुष. परंतु दोघांचा तराजू एकच होता, आणि तो राज्याचा तराजू होता. भक्तीने शिवाजी घडला की नाही, एवढ्यावर भक्तीची किंमत! काळाचा विचार केला तरी हा हिशेब जुळत नाही. ज्ञानदेवांनी समाधी घेतली ते वर्ष १२९६; अल्लाउद्दीनाची देवगिरीवरील पहिली स्वारी त्याच वर्षीची. आळंदी-पंढरीच्या टाळांनी यादवांच्या तलवारी बोथट झाल्या असे म्हणावे, तर टाळ हाती येण्यास तरी थोडा अवधी द्यावयास हवा होता. उलट शिवाजीमहाराजांचा जन्म १६३० चा. जे झाड फळ धरण्यास सव्वातीनशे वर्षे घेते, त्याचे ते फळ असे शपथेवर कोण सांगेल? मधल्या काळात निजामशाही होती, आदिलशाही होती, देशमुखांची वतने होती, सह्याद्रीचे किल्ले होते. एवढ्या कारणांच्या गर्दीतून अभंगाचा वाटा वेगळा काढून तोलणे हे इतिहासकाराच्याही आवाक्याबाहेरचे काम आहे.

येथे कोणी लोकमान्यांचा आक्षेप पुढे आणील. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त टिळकांनी पुष्कळांचे पुष्कळ सुख या मिल्लप्रभृतींच्या कसोटीचा कसून समाचार घेतला आहे. अमेरिकेतील एका शहरी अधिकाऱ्यास लाच देऊन ट्रामगाडीची परवानगी मिळविली आणि त्यामुळे साऱ्या शहराची सोय झाली, हे उदाहरण देऊन त्यांनी दाखविले की बाह्य फळ चांगले म्हणून कर्म चांगले ठरत नाही; कर्त्याची बुद्धी पाहिली पाहिजे. एका माणसाच्या एका कर्मापुरता हा आक्षेप बिनतोड आहे. परंतु सातशे वर्षे लक्षावधी लोक ज्या विचारावर जगले, त्या विचाराची बुद्धी कोठे शोधावयाची? तेथे आचरणाखेरीज दुसरा साक्षीदार मिळत नाही. फळाची हाव कर्त्याने धरू नये हे गीतेचे सांगणे खरे. पण परीक्षकाने फळाकडे पाहूच नये असा त्याचा अर्थ कोणी करीत असेल, तर त्याची सोय त्यात आहे असेच म्हणावे लागेल.

तराजू राज्याचा नको, तर कोणाचा? विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने एडिंबरो येथील व्याख्यानांत (ग्रंथरूपाने १९०२) तो व्यक्तीच्या हाती दिला. धर्मानुभवाचे मूल्य त्याच्या उगमावरून ठरवू नये. अनुभवाची तात्काळ प्रतीती, आपल्या इतर मान्य ज्ञानाशी त्याचा मेळ आणि नीतीने जगण्यास त्याचे होणारे साहाय्य, या तिहींवरून ठरवावे असे त्याने सांगितले. या मापाने वारकरी पंथाकडे पाहिले तर मन प्रसन्न होते. आईबापांनी देहत्याग केलेला, गावाने वाळीत टाकलेली चार पोरकी मुले; त्यांतील एक वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षी नेवाशास गीतेवर टीका सांगते आणि शेवटी देवापाशी जे मागणे मागते त्यात आपणांस छळणाऱ्यांविषयी सूडाचा शब्द नाही. त्याहूनही मला ताटीच्या अभंगांचा प्रसंग मोलाचा वाटतो. लोकांच्या टोचणीने उद्विग्न होऊन ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसतात आणि धाकटी बहीण बाहेर उभी राहून त्यांचेच तत्त्वज्ञान त्यांना ऐकविते. जग रागावले तर संताने पाण्यासारखे व्हावे, ही शिकवण तिने ग्रंथातून काढून दारावर वाजविली. विचार घरात उपयोगी पडतो तो असा. ज्यांच्या घरी रोज संध्याकाळी हरिपाठ होतो त्यांनी स्वतःस विचारून पाहावे की, आपल्या घरातील ताटी शेवटी कोणत्या अभंगाने उघडली.

परंतु जेम्सच्या मापात एक उणीव आहे. दुःखात धीर देणे हे जर फळ, तर ज्या दुःखाचे निवारण करावयास हवे होते त्यातही धीर देणारा विचार यशस्वीच ठरतो. तापात अफू दिल्याने रोगी शांत झोपतो; वैद्याने त्यावरून औषध लागू पडले असे लिहून ठेवावे काय? दुःख सोसण्याजोगे कोणते आणि मोडून काढण्याजोगे कोणते, हा भेद व्यक्तीच्या समाधानावरून कळत नाही. तो कळण्यास माणूस आणि देव यांच्यातील नात्याबरोबर माणूस आणि माणूस यांच्यातील नाते पाहावे लागते.

हा मुद्दा महाराष्ट्रात सर्वांत स्पष्टपणे मांडला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बोलावलेले आणि मंडळाने परिषदच रद्द केल्यामुळे न झालेले भाषण त्यांनी १९३६ साली स्वतः छापून काढले. त्यावर महात्मा गांधींनी त्याच वर्षीच्या जुलैत 'हरिजन' पत्रात लिहिले. कोणत्याही धर्माची परीक्षा त्याच्या निकृष्ट नमुन्यांवरून न करता त्याने निर्माण केलेल्या उत्कृष्ट पुरुषांवरून करावी, असा त्यांचा युक्तिवाद होता; आणि त्या उत्कृष्टांच्या नामावळीत ज्ञानदेव आणि तुकाराम होते. पुढील आवृत्तीत आंबेडकरांनी जे उत्तर दिले ते आजही वाचकाने शांतपणे वाचावे असे आहे. परीक्षा उत्कृष्टांवरून करावी हे त्यांनी मान्य केले, आणि विचारले की, मग निकृष्ट इतके पुष्कळ आणि उत्कृष्ट इतके थोडे असे का? संतांविषयी त्यांचे म्हणणे असे की, देवाच्या दृष्टीने सर्व माणसे सारखी आहेत असे संतांनी सांगितले. माणसांनी माणसांशी सारखे वागावे यासाठी त्यांनी जातिसंस्थेशी लढा दिला नाही. पहिले विधान निरुपद्रवी आहे. ते कोणासही मान्य करता येते आणि मान्य करून घरी जाता येते.

हा युक्तिवाद ऐकून आमच्यासारख्या मध्यमवर्गीय वाचकास राग येतो. तो आवरून वस्तुस्थिती पाहावी. वाळवंटात एकमेकांच्या पाया पडणारे वारकरी पंगतीस कसे बसत? इरावतीबाई कर्वे दिंडीबरोबर पायी गेल्या होत्या. एकाच दिंडीतील ब्राह्मण आणि मराठा बायकांचा स्वयंपाक आणि जेवण वेगळे होते आणि ते पाहून मन कसे व्यथित झाले, हे त्यांनी वारीवरील लेखात लिहून ठेवले आहे. पालखी परत आली की गावच्या पाणवठ्याचे नियम जसेच्या तसे. पैठणच्या रेड्याच्या पाठीवर पखाल होती हे येथे आठवते. त्याने वाहिलेले पाणी सर्वांस चालत होते. आणि १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी माणसांनी प्यायले म्हणून माणसांची डोकी फुटली. वाद जिंकून देणारा पुरावा आपण सातशे वर्षे आठवला, आणि वळांचा पुरावा विसरलो.

आता सरदारांच्या ग्रंथाकडे वळू. रानडे आणि राजवाडे या दोन्ही टोकांस नाकारून त्यांनी मधला मार्ग काढला आहे. संतांनी धर्माच्या क्षेत्रात समतेचा उद्घोष केला, बहुजनांस आत्मप्रत्यय दिला, ज्ञानाची दारे देशभाषेतून उघडली; समाजरचना बदलण्याचा कार्यक्रम त्यांच्यापाशी नव्हता, कारण मध्ययुगीन परिस्थितीत तसा तो असणेच शक्य नव्हते, असा त्यांच्या विवेचनाचा साधारण आशय आहे. त्यांची भाषा संयमी आहे, सहानुभूती व्यापक आहे, आणि संतांस समाजवादी ठरविण्याचा किंवा त्यांची हेटाळणी करण्याचा मोह त्यांनी टाळला आहे. तरी 'काळाची मर्यादा' हे जे माप त्यांनी वापरले आहे त्यावर प्रस्तुत लेखकाचा आक्षेप आहे. काळाची मर्यादा म्हणजे त्या काळी कोणासही न दिसणारी गोष्ट. ती गोष्ट त्याच काळी एकास जरी दिसली असेल, तर मर्यादा काळाची नव्हे, पाहणाऱ्याच्या जागेची ठरते.

आणि ती दिसली होती. चोखामेळ्याचे घर पाहा. चोखोबा मंगळवेढ्याचे, गावकुसाच्या बांधकामावर वेठीस असता भिंत कोसळून १३३८ साली त्यांचा अंत झाला असे सांगतात. त्यांची समाधी पंढरीस महाद्वाराबाहेर, पायरीपाशी आहे. त्यांच्या नावावर जे अभंग आहेत त्यांत व्याकूळ प्रेम आहे, सोवळ्या-ओवळ्याविषयी टोचणारे प्रश्न आहेत. आणि त्याचबरोबर हीन जन्म का आला याचे उत्तर म्हणून पूर्वजन्मी घडलेल्या देवनिंदेचा उल्लेखही आहे. ज्या विचाराने त्यांस उभे केले त्यानेच त्यांच्या हाती हे उत्तर ठेवले. आता त्यांच्या मुलाचे, कर्ममेळ्याचे, अभंग वाचावे. तेथे पूर्वजन्माचा आधार नाही. आमची जात हीन कोणी केली, असा त्याचा देवास सरळ प्रश्न आहे; उष्टे खाण्यात आमचा जन्म गेला, याची तुला लाज कशी वाटत नाही, असे तो विठ्ठलास विचारतो. बाप आणि मुलगा, घर एक, देव एक, काळ एक. आणि एकाच श्रद्धेची फळे दोन. बापास तीच श्रद्धा समजूत घालते, मुलास तीच जाब विचारण्याचे बळ देते. कर्ममेळ्याने विठ्ठल सोडलेला नाही. तो त्याच्याशी भांडतो आहे. भांडण्याचा हक्क या पंथाने त्यास दिला, हे त्याचे यश. त्याचे म्हणणे पंथाने मनावर घेतले नाही, हे अपयश. दोन्ही नोंदी एकाच पानावर लिहिल्या पाहिजेत.

सरदारांचा ग्रंथ निघण्यापूर्वी तीनच वर्षे, १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजींनी पंढरपुरास तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण केले, ते विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांस खुले व्हावे म्हणून. चोखोबांच्या मृत्यूस तेव्हा सहाशे नऊ वर्षे झाली होती. गुरुजी संतांच्या अभंगांवर पोसलेले होते हे संतांच्या बाजूने मांडता येईल. त्यांना प्राण पणास लावावे लागले हे विरुद्ध बाजूने. दुसऱ्याच वर्षी, १९४८ साली, आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. संतांच्या कार्याचा इतका कठोर हिशेब मांडणाऱ्यानेच हे नाव तेथे लिहिले, याचे पंथाभिमान्यांनी भूषण मानण्याची घाई करू नये. अर्पण माणसास आहे, पंथास नाही.

प्रस्तुत लेखकाच्या ऐकण्यात जी कीर्तने आणि प्रवचने आली त्यांत रेड्याच्या मुखी वेद वदविल्याचे आख्यान असंख्य वेळा आले, चोखोबांचा अभंगही पुष्कळदा आला. कर्ममेळ्याचा एकदाही आला नाही. त्याचे अभंग 'सकल संत गाथे'त छापलेले आहेत, आणि थोडेच असल्यामुळे एका संध्याकाळी सहज वाचून होतात. सरदारांच्या ग्रंथाचे पारायण करू इच्छिणाऱ्याने ते अगोदर वाचावे, आणि मग मध्ययुगीन मर्यादांविषयीची प्रकरणे काढावीत.